मधलं मचाण

४ मार्च

स्वार्थी म्हणालीस ते म्हणालीस, ताई, पण फोनवर, भावोजींच्या देखत म्हणायची काय गरज होती? आता ते चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे सांगणार, मेहुण्याला समुद्राची हवा लागली म्हणून. त्यांना काय, तोंडाला कुलूप नाही आणि चावी तुझ्याकडे नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला. बारक्या पंक्चरच्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली हात काळे करतोय, हे मला कळत नाही असं वाटतं तुला? आई गेली तेव्हा तू दिवसभर शिवणाच्या मशीनवर असायचीस. त्याला आंघोळ कोण घालायचं? साबण डोळ्यांत गेला की माझ्याच दंडाला चावायचा तो. खूण अजून आहे. आणि आता मला त्याचं बरं बघवत नाही होय?

त्याला इथे कामाला बोलवायला जागा नाही, एवढंच म्हणतोय मी. हे एका माणसाचं काम आहे.

तू विचारलंस की नेमकं करतोस तरी काय. सांगतो. घर सांभाळतो. हे घर सुट्टीवर आलेल्या लोकांना भाड्याने देतात, दोन दिवस, चार दिवस. चादरी बदलणं, संडास घासणं, गीझर बिघडला तर त्याला दोन थपडा मारणं, सगळं मीच. मालक गावात राहतो. घर गावापासून तुटलेलं, एका उंचवट्यावर, चारी बाजूंनी समुद्र. मधे दगडी रस्ता आहे, दोन्ही कडांना लाकडी खांब रोवलेले. ओहोटीला चालत दहा मिनिटांत गावात. भरतीला रस्ता पाण्याखाली जातो, नुसते खांब दिसतात. दिवसातून दोनदा.

आणि पाहुण्यांना हे इथे आल्यावर कळतं! कशी माणसं असतात बघ. फोटो बघतात, भाव बघतात, की बोट दाबलं. घर आहे कुठे ते बघायला कुणाला वेळ नाही. मागच्या आठवड्यात एकजण दोन सायकली घेऊन आला. बायको म्हणते, "हा म्हणाला होता रोज सकाळी सायकलवरून बाजारात जाऊ." नवरा गच्चीवर फोन उंच धरून रेंज शोधत उभा. मी खालून म्हटलं, "साहेब, बाजार संध्याकाळी उघडेल. पाणी उतरलं की." बायको इतकी हसली की शेवटी तोही हसला. पण सगळे हसत नाहीत. एका बाईने मला उशी फेकून मारली. मऊ होती, आमचीच.

मालक म्हणतो, आपण कुठे खोटं बोललोय? पानाच्या अगदी तळाला लिहिलंय, रस्ता भरती-ओहोटीवर अवलंबून. तिथपर्यंत कुणी वाचत नाही, त्याला आपण काय करणार?

घरी का येत नाहीस म्हणतेस. सुट्ट्यांच्या दिवसांत आम्हाला मरायला वेळ नसतो. आणि माझी कागदपत्रं, पासपोर्ट वगैरे, मालकाच्या कपाटात आहेत. इथल्या दमट हवेत कागद खराब होतात म्हणून त्याने कुलपात ठेवलीत. एवढा जीव लावतो माणूस.

या महिन्यात पैसे पाठवायला नाहीत. खरंच नाहीत. रागावू नकोस.

पत्र चादरीवाल्याच्या हाती देतोय. तो धुवायच्या चादरी न्यायला येतो. या घरातून आपल्या मर्जीने बाहेर जातात त्या चादरीच.

१९ मार्च

ताई, राग गेला माझा. तुझं म्हणणं बरोबर होतं. बारक्याला पाठव.

मालक स्वतःहून म्हणाला, "तुला भाऊ आहे ना? बोलाव त्याला. तिकीट मी काढतो." अशी माणसं आजकाल मिळतात का? तिकीट सोबतच्या पाकिटात आहे. एप्रिलच्या अकरा तारखेचं.

बारक्याला सांग, घर सुंदर आहे. सगळ्या खिडक्यांतून समुद्र दिसतो. काम हलकं. राहायला स्वतंत्र खोली, भाडं नाही. पाहुणे जाताना तेल, साबण, बिस्किटांचे पुडे ठेवून जातात, ते आपले. गाव दहा मिनिटांवर. मालक आरडाओरडा करत नाही, कधीच नाही, हळू आवाजात बोलतो. हवा इतकी चांगली की लोक पैसे मोजून घ्यायला येतात, आपल्याला फुकट.

तो आला की मलाही जरा इकडेतिकडे जाता येईल.

जाड कपडे आणायला सांग. आणि त्याचं ते पाना-पक्कडचं डबडं आणू नको म्हणावं, इथे त्याचा उपयोग नाही. भावोजींना म्हणावं, आता तरी गोड बोला.

घाईत लिहितोय. नवीन पाहुणे यायचेत आणि पाणी चढायच्या आत त्यांना आत घ्यायचंय.

२ एप्रिल

बारक्याला पाठवू नकोस.

परवा फोन केला तो हेच सांगायला. भावोजींनी उचलला. म्हणाले, "आलं ना पोटातलं ओठावर? आधी नको, मग हो, आता परत नको. पोराने दुकान सोडलं, कपडे घेतले, आणि तू खेळ मांडलायस?" आणि ठेवला. परत लावला तर उचललाच नाही. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही मी. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ठेवला असता.

म्हणून आता सगळं लिहितो. शेवटपर्यंत वाच. मधेच रागावून घडी घालू नकोस, तुझी सवय आहे ती.

मागच्या पत्रात मी एकही शब्द खोटा लिहिला नव्हता. खिडक्यांतून समुद्र दिसतो. गाव दहा मिनिटांवर आहे. मालक हळू बोलतो. पण मालकाचे फोटोही खरेच असतात, ताई.

धंदा कसा चालतो ते ऐक. ज्या कंपनीच्या पानावर लोक घर ठरवतात तिचा नियम आहे: घर पसंत नसेल तर आल्यापासून चार तासांत तक्रार करायची, पैसे परत. चार तासांत बोलला नाहीत तर घर पसंत आहे असं धरतात. आता घरात रेंज नाही. आणि मालक प्रत्येक पाहुण्याला येण्याची वेळ देतो ती पाणी चढायच्या जरा आधीची. लोकांना वाटतं काय शिस्तीचा माणूस आहे. माझं काम म्हणजे त्यांना गुंतवून ठेवायचं. बॅगा हळूहळू उतरवायच्या, चहा टाकायचा, गरम पाण्याचा नळ कसा उघडायचा ते दोन दोनदा दाखवायचं. ते मागे वळून बघतात तोवर रस्ता गेलेला असतो. मग ओरडा, रडा, उशा फेका. पाणी उतरेपर्यंत चार तास होऊन जातात. "विचारलं तेवढंच सांगायचं," मालकाने पहिल्याच दिवशी शिकवलं मला. हळू आवाजात.

ते पाहुणे निदान चार दिवसांनी सुटतात. मला इथे आणायला मालकाने एजंटला पैसे दिले होते. ते फिटेपर्यंत पासपोर्ट त्याच्याकडे. दर महिन्याला त्यात काहीतरी वाढतं. फुटलेली बशी, गीझर, लाइट. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "एक माणूस दे आणि जा. तुझा भाऊ आला की तू मोकळा." म्हणून मी एकोणीस तारखेचं पत्र लिहिलं. इकडेतिकडे जाता येईल असं लिहिलं होतं ना? ते इकडेतिकडे म्हणजे घर होतं. बारक्या आला की मी आलो असतो. लिहिताना स्वतःला सांगत होतो, तो तरुण आहे, काढेल दोन वर्षं. मी म्हातारा झालोय जणू.

मग परवा तो ड्रायव्हर आला.

एकटाच होता. जन्मभर बस चालवलेला माणूस, गुडघे गेलेले, हातात हँगरला लावलेला सूट, त्यावर प्लास्टिकची पिशवी. मुलीचं लग्न होतं गावातल्या हॉलमधे, दुपारी तीनला. मुलीशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तिने परस्पर नोकरी धरली, परस्पर घर सोडलं, तेव्हा हा काहीतरी बोलून गेला. आता तिने आपणहून पत्रिका पाठवली होती. घर पुतण्याने फोनवर ठरवून दिलं, हॉलपासून दहा मिनिटं बघून.

दारातच विचारलं त्याने, "तीनला हॉलवर पोचायचंय. दहा मिनिटं लागतात ना?"

मी म्हटलं, "हो काका, दहा मिनिटं."

विचारलं तेवढंच सांगितलं.

तो आंघोळीला गेला. आतून कसलंतरी गाणं गुणगुणत होता, सूर कुठेच लागत नव्हता. बाहेर आला तो दाढी करून, गालाला कागदाचा तुकडा चिकटवून, कापलं होतं. मला म्हणाला, "पोरा, शर्टाला इस्त्री मारून देशील? पहिल्या रांगेत बसायचंय." मी इस्त्री करत होतो आणि टेबलासमोरच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. अर्ध्या खांबांच्या बुडाला फेस आला होता. ताई, मी असे कितीतरी शर्ट इस्त्री केलेत त्या खिडकीसमोर. पण तो मागे उभा राहून विचारत होता, मुलगी समोर आली की आधी काय बोलायचं असतं रे? मला विचारत होता!

मी इस्त्री बंद केली. म्हटलं, "काका, आत्ता निघा. तीनला रस्ता नसेल."

"नसेल म्हणजे? कुठे जाईल?"

मी खिडकी दाखवली. त्याने बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता कानाखाली बसते. तो म्हणाला, "बूट गळ्यात अडकव माझे. सूट तू धर. तू उंच आहेस."

निघालो. मी पुढे, सूट डोक्यावर, तो माझ्या खांद्याला धरून. आधी घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. मला एकट्याला जमलं असतं. पण रस्ता मधे खोल होतो आणि त्याचा गुडघा वाकेना. पुढे बघितलं तर पाणी कमरेच्या वर, मागे बघितलं तर घराचा उतारही बुडत आलेला. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, मी त्यात उभा होतो, डोक्यावर दुसऱ्याच्या लग्नाचा सूट घेऊन.

रस्त्याच्या मधोमध एक मचाण आहे. उंच खांबांवर लाकडी खोली, चढायला शिडी. कुणी पाण्यात सापडलं तर जीव वाचवायला. त्याला खालून ढकलत वर चढवलं. वर एक बाक, एक दोरी, आणि भिंतीवर आधी अडकलेल्यांनी खिळ्याने कोरलेली नावं. खाली सगळीकडे पाणी.

मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. आता पाच-सहा तास तरी हलता येणार नाही."

तो बाकावर बसून पायजम्याचं पाणी पिळत होता. म्हणाला, "जन्मभर लोकांना बरोबर स्टॉपला उतरवलं. आणि स्वतः उतरलो ते असा." मग हसला. मला त्या हसण्याचं जास्त लागलं, उशी परवडली.

थोड्या वेळाने त्याने सूट घातला. पूर्ण. कोट, टाय, कोरडे बूट. मी म्हटलं, "आता कशाला काका?" तर म्हणतो, "तीनची वेळ दिली होती तिला. निदान तयार तरी असावं." आणि ताठ बसला, गावाकडे तोंड करून. मचाणावर रेंज येते. त्याने मुलीला फोन लावला, वाजत राहिला. लग्नाच्या गर्दीत फोन कोण उचलतं? तीन वाजता तिकडे बँड वाजायला लागला. पाण्यावरून आवाज इतका स्पष्ट येतो ना, ताई, टाळ्यासुद्धा ऐकू आल्या. लोकांनी वाजवल्या तेव्हा यानेही वाजवल्या. मी पाण्याकडे बघत बसलो.

मग मला विचारायला लागला. घरी कोण असतं, कधी जाऊन आलास. सांगता सांगता सगळंच सांगून बसलो, कपाट, कुलूप, एजंट. आणि म्हणालो, "आता भाऊ येतोय, मग मी सुटेन."

"त्याला माहीत आहे कुठे येतोय ते?"

"हो. सगळं लिहिलंय त्याला."

"हे मचाण लिहिलंयस?"

मी तिथली दोरी गुंडाळायला लागलो.

तो परत गावाकडे तोंड करून बसला. बोलला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. माझं भांडण तुला माहीत आहे.

मीच त्याला म्हटलं, "काका, तक्रार टाका. इथे रेंज आहे, अजून चार तास झाले नाहीत. पैसे परत मिळतील." तो म्हणाला, "दुपार परत देतात का?" तरी फोन माझ्या हातात दिला, चष्मा घरी राहिला होता त्याचा. मी लिहिलं. माझं लिहिणं तुला ठाऊकच आहे, त्यात इथली भाषा, अर्धा तास गेला. लिहिलं, भरतीला रस्ता पाण्याखाली जातो, तुम्हाला येण्याची वेळ मुद्दाम तशी देतात, आधी विचारा. घराच्या पानावर, तळाला नाही, सगळ्यांत वर दिसेल असं टाकलं.

पाणी उतरल्यावर हॉलवर गेलो. लग्न आटपून गेलेलं. मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता. सगळ्या उचलल्या होत्या, पहिल्या रांगेतली एक तेवढी ठेवलेली. मी विचारलं, ही का ठेवली? तो म्हणाला, "नवरीने कुणाला बसू दिलं नाही हिच्यावर. जाताना म्हणाली, ही शेवटी उचला." ड्रायव्हर जाऊन तिच्यावर बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी लांब जाऊन उभा राहिलो, काय बोलले ते ऐकलं नाही. तिथूनच मी तुला फोन लावला आणि भावोजींनी उचलला.

मालकाने तक्रार वाचली आहे. मला बोलावून घेतलं. म्हणाला, "ड्रायव्हरला हे सगळं शिकवायला मास्तर कुठून मिळाला रे मचाणावर?" हळूच विचारलं. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "बरं. तीन गिऱ्हाइकं मागे फिरली, ती तुझ्या नावावर लावतो. भाऊ अकराला निघतोय ना?" मी म्हटलं, "नाही." त्याने कपाटाकडे बघितलं, मी पण बघितलं. झालं. आज सकाळी पाहुणे येणार होते, त्यांना मी गावाच्याच बाजूला गाठलं आणि रस्ता दाखवला. पाणी चढताना दाखवलं. ते परत गेले. त्यांच्या पोराने मला टाटा केला. हेही माझ्या नावावर लागेल.

मला काय करतील याची काळजी करू नकोस. मारत कुणी नाही इथे. चादरीवाला म्हणतो, गावात परदेशी कामगारांची अडचण ऐकणारी एक बाई बसते, तिच्याकडे जाऊन ये. जाईन. ओहोटीची वेळ बघून जाईन.

तू फक्त एक कर. तिकीट फाड. आणि हे पत्र बारक्याला स्वतः वाचायला दे, तू वाचून दाखवू नकोस, तू मधलं मधलं गाळशील मला सांभाळायला. भावोजींनाही दे. त्यांना म्हणावं, टपरीवर सांगायचं तर हे सांगा.

बारक्याने जिथे काम सोडलं तो पंक्चरवाला हवा भरायचं मशीन विकतोय असं तूच जानेवारीत लिहिलं होतंस. अजून विकलं नसेल तर ते घे. बारक्याच्या नावाने घे. त्याचं डबडं त्याने टाकून तर दिलं नाही ना? मीच आणू नको म्हटलं होतं.

आणि पैसे नाहीत म्हणालो होतो, तेही खरं नव्हतं. गादीच्या शिवणीत साठवत होतो, पासपोर्ट सोडवायला. अर्धे झाले होते. आज शिवण उसवली.

चादरीवाला खाली हॉर्न वाजवतोय, पाणी चढायला लागलंय. गावातल्या पैसे पाठवायच्या दुकानातून तो तुझ्या नावाने भरेल. भांडू नकोस, परत पाठवू नकोस, मोजून घे. चोवीस हजार सहाशे.